विटोटो लोकांची भाषा

मुलांनो, १ मे २०२३ रोजी दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया या देशात एक छोटे विमान ॲमेझॉनच्या जंगलात कोसळले. वैमानिक आणि दोन मोठी माणसे दगावली. त्यांत विमानातील चार भावंडांची आईही होती. भावंडे मात्र वाचली. थोरली बहीण तेरा वर्षांची होती आणि सर्वांत धाकटे बाळ अकरा महिन्यांचे.

दोन आठवड्यांनी शोधपथकाला विमान सापडले, पण मुले तिथे नव्हती. ती जंगलात निघून गेली होती. सैन्याने हेलिकॉप्टरवर मोठे भोंगे लावले आणि झाडांवरून फिरत एका वृद्ध बाईचा आवाज ऐकवायला सुरुवात केली. ती त्या मुलांची आजी होती. "एका जागी थांबा, तुम्हांला शोधत आहेत," असे ती सांगत होती. कोलंबियाची राज्यभाषा स्पॅनिश आहे. सैनिकही स्पॅनिशच बोलतात. पण आजी बोलत होती ती तिच्या घरच्या भाषेत, म्हणजे विटोटो भाषेत.

चाळीस दिवसांनी, ९ जूनला, चारही मुले जिवंत सापडली. बाळाचा पहिला वाढदिवस जंगलातच झाला होता. विमानातले कसाव्याचे पीठ संपल्यावर मुलांनी रानातली फळे आणि बिया खाल्ल्या. कोणते फळ खायचे आणि कशाला हात लावायचा नाही, हे थोरलीला घरच्यांनी शिकवले होते.

ही बातमी जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आली. आजीच्या भाषेविषयी मात्र फारच थोडे छापले गेले. म्हणून हा पाठ तिच्याविषयी आहे.

नकाशात कोलंबिया आणि पेरू यांची सीमा शोधा. तिथे पुतुमायो नावाची नदी दिसेल, आणि तिच्या उत्तरेला काकेता नदी. या दोन नद्यांच्या मधले जंगल हा विटोटो लोकांचा मूळ प्रदेश. 'विटोटो' हे नाव त्यांनी स्वतः घेतलेले नाही. त्यांच्या शेजारी राहणारे कारिहोना लोक त्यांना असे म्हणत, आणि त्या शब्दाचा अर्थ 'शत्रू' असा होता. बाहेरून आलेल्यांनी आधी शेजाऱ्यांना विचारले आणि तेच नाव वहीत लिहून घेतले! आज त्यांच्यातले बरेच लोक स्वतःला 'मुरुई' म्हणवतात.

त्यांच्या भाषेच्या मुख्य बोली चार आहेत: बुए, मिका, मिनिका आणि निपोदे. ही नावे कशी पडली, ते मोठे गमतीचे आहे. बुए म्हणजे 'काय?' मिका म्हणजेही 'काय?' आणि मिनिका म्हणजेही 'काय?' जो 'काय?' विचारताना बुए म्हणतो, तो बुए बोलीचा. समजा, उद्या कोणी तुम्हांला 'क्या'वाले आणि तुमच्या मराठी शेजाऱ्यांना 'काय'वाले म्हणू लागला, तर कसे वाटेल? पण खरे सांगायचे, तर माणूस कोणती भाषा बोलतो हे ओळखायला ही खूण काही वाईट नाही.

आता या भाषेचा आवाज कसा आहे, ते पाहू. तिच्यात सहा स्वर आहेत. पाच आपल्या ओळखीचे: आ, इ, ए, ओ, उ. सहावा स्वर मराठीतही नाही आणि उर्दूतही नाही. 'उ' म्हणा, पण ओठ गोल करू नका. 'ई' म्हणताना पसरतात तसे ते पसरलेले ठेवा. जमले? पहिल्यांदा कोणालाच जमत नाही, वर्गात हसू मात्र येते. रोमन लिपीत हा स्वर दाखवण्यासाठी 'आय' या अक्षरावर आडवी रेघ मारतात. देवनागरीत त्याला अक्षर नाही, म्हणून मी 'मिनिका' असे लिहिले आहे. त्यातल्या दोन्ही इकारांचा खरा उच्चार या सहाव्या स्वराचा आहे.

या भाषेतले प्रत्येक अक्षर स्वराने संपते. मराठीत 'झाड' म्हणताना शेवटी जीभ 'ड'वर थांबते. विटोटोत तसे थांबणे नाही. झाडाला 'आमेना' म्हणतात.

तुम्ही उर्दूतून मराठीकडे येता, तेव्हा सर्वांत जास्त कशाला अडखळता, हे मला ठाऊक आहे. उर्दूत दोनच लिंगे, मराठीत तीन. 'माझा घर' लिहिले की वहीत लाल शाईचा गोल होतो. विटोटो शिकणाऱ्याचे काय होत असेल, याचा विचार करा. तिथे वस्तूचा आकार किंवा प्रकार सांगणारे शंभराहून अधिक प्रत्यय आहेत. झाडासाठी एक, पानासाठी दुसरा, पोकळ वस्तूसाठी आणखी वेगळा. कोका नावाचे एक झुडूप आहे. ते झुडूप म्हणजे 'हिबिना' आणि त्याचे पान म्हणजे 'हिबिबे'. 'ना' आला की झाड समजायचे, 'बे' आला की पान. हे प्रत्यय नामालाच लागतात असे नाही. संख्येला लागतात, 'हे', 'ते' यांनाही लागतात. त्यामुळे विटोटो माणूस नुसते 'हे' म्हणाला, तरी तो पानाविषयी बोलतो की झाडाविषयी, हे ऐकणाऱ्याला कळते. ज्यांचा सारा दिवस झाडे, वेली, कंद आणि बिया यांच्यात जातो, त्यांना ही सोय किती उपयोगाची असेल!

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. आपण स्वतः पाहिले नाही, दुसऱ्याकडून ऐकले, हे दाखवण्यासाठी या भाषेत वेगळी खूण आहे. मराठीत आपण 'म्हणे' घालतो: 'तिथे वाघ आला होता म्हणे.' ऐकीव काय आणि डोळ्यांनी पाहिलेले काय, हे बोलण्यातच वेगळे राहते.

ही भाषा मोठी होते ती रात्री. विटोटोंचे जुने घर म्हणजे 'आनानेको'. ते पानांनी शाकारलेले, उंच छपराचे आणि अनेक कुटुंबे एकत्र राहतील एवढे मोठे असते. अंधार पडला की कर्ती पुरुषमाणसे घरात एका ठरलेल्या जागी गोलाकार बसतात. कोकाची पाने भाजून, कुटून, त्यांत दुसऱ्या एका झाडाच्या पानांची राख मिसळून केलेली पूड ते गालात धरतात. तंबाखूची पाने उकळून केलेला दाट काळा रस बोटाने चाटतात. (याच कोकापासून बाहेरच्या जगाने कोकेन नावाचे घातक विष काढले. ते कारखानदारीचे काम आहे, या लोकांचे नव्हे.) तंबाखू, कोका आणि गोडा कसावा यांची आपण लेकरे, असे विटोटो आणि त्यांच्या शेजारच्या जमाती म्हणतात. कसावा म्हणजे तो कंद, ज्याच्यापासून आपल्याकडचा साबुदाणा होतो. त्याची मूळ भूमी दक्षिण अमेरिका. कडू कसाव्यात विष असते. बायका तो किसतात, पिळून त्याचे पाणी काढतात आणि मग त्याच्या भाकरी भाजतात. हे ज्ञान पुस्तकातले नाही, आईकडून मुलीकडे आलेले आहे.

रात्रीच्या त्या बैठकीत जे बोलले जाते, त्याला 'राफुए' म्हणतात. या शब्दासाठी मी मराठीत एक शब्द शोधला, पण मिळाला नाही. गोष्ट, ज्ञान, सण, हे सारे त्यात येते. त्यांची समजूत अशी: वृद्धाने रात्री शब्द उच्चारला, तो दिवस उजाडल्यावर काम झाला पाहिजे आणि त्या कामातून वस्तू निघाली पाहिजे. रात्री शेताविषयी बोलले, तर सकाळी कुऱ्हाड घेऊन जायचे. शेत झाले, कसावा आला, फळे आली, पाहुण्यांना बोलावून नाच झाला, म्हणजे तो शब्द पुरा झाला. नुसत्या तोंडच्या शब्दाला तिथे किंमत नाही. मुलांना वळण लावणाऱ्या बोलण्याला वेगळे नाव आहे, 'येताराफुए'. कसे वागावे, काय खावे, कोणाचा मान राखावा, हे त्यात सांगतात.

अशा भाषेवर संकट आले ते रबरामुळे. १८८८ मध्ये डनलॉपने सायकलसाठी हवेचा टायर तयार केला. पुढे मोटारी आल्या. रबराला सोन्याचा भाव आला, आणि रबराची झाडे होती ॲमेझॉनच्या जंगलात. पेरूमधला हूलिओ सेसार आराना हा माणूस तरुणपणी टोप्या विकत असे. त्याने पुतुमायोच्या खोऱ्यात रबराची ठाणी उभारली. ला चोरेरा आणि एल एन्कान्तो ही त्यांतली दोन मोठी. १९०७ मध्ये त्याने आपली कंपनी लंडनमध्ये नोंदवली. तिच्या संचालकांत इंग्रज गृहस्थही होते.

कामाची रीत अशी होती. आधी कुऱ्हाड, कापड किंवा बंदूक उसनी द्यायची. मग म्हणायचे, याची फेड रबरात करा. ती फेड कधीच संपत नसे. ठराविक दिवसांनी माणसे जंगलातून रबराचे ओझे घेऊन येत आणि ते काट्यावर चढे. वजन कमी भरले की चाबूक. पळून गेलेल्यांना पकडून खोड्यात अडकवत. शेत करायला वेळच उरला नाही, त्यामुळे चाबकाच्या जोडीला उपासमार आली, आणि उपाशी माणसांना रोगांनी गाठले. कंपनीने आदिवासींचीच काही मुले लहानपणापासून हाताशी धरली, त्यांच्या हाती बंदुका दिल्या आणि त्यांना आपल्याच लोकांवर पहारेकरी नेमले. त्यांना दोन्ही भाषा येत होत्या. मालकाचा हुकूम ते आपल्या भाषेत सांगत. भाषेचा असाही उपयोग होतो!

वॉल्टर हार्डनबर्ग या अमेरिकन तरुणाने हे पाहिले आणि १९०९ मध्ये लंडनच्या 'ट्रुथ' या साप्ताहिकातून त्याला वाचा फोडली. ब्रिटिश सरकारने १९१० मध्ये रॉजर केसमेंट या आपल्या अधिकाऱ्याला चौकशीसाठी पाठवले. त्याचा अहवाल १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि इंग्लंड हादरले. किती माणसे मेली? अंदाज वेगवेगळे आहेत. तीस हजार हा आकडा बहुधा दिला जातो. आरानाला शिक्षा झाली नाही. पुढे तो पेरूच्या सिनेटमध्ये बसला आणि १९५२ मध्ये वारला. रबराचा हा धंदा बुडाला तो दयेमुळे नव्हे. मलायातील मळ्यांचे रबर स्वस्त पडू लागले, म्हणून.

माणसे मेली तेव्हा भाषेचे काय झाले? विटोटो समाजात अनेक कुळे होती. प्रत्येकाची गाणी वेगळी, सण वेगळे, बोलण्याची ढब वेगळी. काही कुळांत एकही माणूस उरला नाही. काहींत पोरकी मुले उरली, पण ज्यांना सारे पाठ होते ते वृद्ध गेले. १९२० नंतरच्या वर्षांत हजारो लोकांना नदीपार पेरूत हलवण्यात आले. वेगवेगळ्या कुळांची उरलीसुरली माणसे एका गावात आली आणि त्यांच्या बोली एकमेकींत मिसळल्या.

मग शाळा आली. १९३० नंतर मिशनऱ्यांनी ला चोरेरा येथे अनाथ मुलांसाठी निवासी शाळा काढली. मुलांना जेवण मिळाले, लिहिता-वाचता येऊ लागले, हे खरे. पण शाळेत आपली भाषा बोलण्यास बंदी होती. जो बोलेल, त्याला शिक्षा होई. ती मुले पुढे आईबाप झाली. आपल्याला ज्या शब्दांसाठी मार बसला, ते शब्द लेकरांना शिकवायला त्यांची जीभ धजेना. रबराच्या काळात बोलणारे मेले होते. आता बोलणारे जिवंत होते आणि गप्प होते. मी स्वतः शिक्षक आहे. त्यामुळे मला या दुसऱ्या नुकसानीचे जास्त वाईट वाटते.

वृद्धांनी रबराच्या काळाविषयीही मौन धरले. ते म्हणत, ते दुःख आम्ही एका टोपलीत घालून झाकून ठेवले आहे. ती काळोखाची टोपली उघडू नये. उघडायची ती दुसरी, जिच्यात बियाणे आहे, अन्न आहे, जीवन आहे. पण नव्या पिढीला विचारावेसे वाटू लागले. १२ ऑक्टोबर २०१२ रोजी, केसमेंटच्या अहवालाला शंभर वर्षे झाल्यावर, कोलंबियाचे राष्ट्राध्यक्ष हुआन मान्युएल सान्तोस यांनी ला चोरेराच्या लोकांना पत्र पाठवून राष्ट्राच्या वतीने क्षमा मागितली.

या साऱ्या पडझडीत एक ठेवा वाचला, त्याची हकीगत सांगण्यासारखी आहे. कोनराड प्रॉइस हा जर्मन संशोधक १९१४ मध्ये काकेता भागात रबरवाल्यांपासून पळून आलेल्या काही विटोटो कुटुंबांत जाऊन राहिला. त्याने त्यांच्या कथा त्यांच्याच भाषेत, शब्द न् शब्द लिहून घेतल्या. मेणाच्या नळ्यांवर त्यांची गाणी उतरवली. त्या कथांत जगाच्या आरंभाची एक कथा आहे. आधी काहीच नव्हते, केवळ एक भास होता. पित्याने तो भास स्वप्नात धरला, स्वप्नाच्या धाग्याने बांधला आणि त्याच्यावर पृथ्वी उभी केली. प्रॉइसचे दोन खंड १९२१ ते १९२३ या काळात जर्मनीत छापले गेले. म्हणजे विटोटोंचे शब्द बर्लिनला पोचले, पण विटोटोंना ते वाचता येत नव्हते. त्यांचे स्पॅनिश भाषांतर कोलंबियात १९९४ मध्ये निघाले. त्या कामात एउदोसिओ बेसेर्रा यांचा हात होता. ते स्वतः विटोटो असून बोगोटाच्या राष्ट्रीय विद्यापीठात ही भाषा शिकवीत. जे शब्द त्यांच्या आजोबांच्या पिढीने सांगितले, ते ऐंशी वर्षांनी एका विटोटो माणसाने वाचले आणि समजावून दिले.

कायदाही बदलला. १९८८ मध्ये सरकारने पुतुमायोचे पन्नास लाख हेक्टरांहून मोठे जंगल तिथल्या आदिवासींच्या नावे केले. १९९१ च्या राज्यघटनेने त्यांच्या भाषांना त्यांच्या प्रदेशात राजभाषेचा दर्जा दिला आणि तिथल्या शाळांत दोन भाषांतून शिक्षण द्यावे असे सांगितले. २०१० मध्ये या भाषांसाठी वेगळा कायदाही झाला.

तरीही भाषा धोक्यातच आहे. तिचे बोलणारे काही हजारच उरले आहेत आणि त्यांत मोठ्या वयाचे लोक जास्त. कामासाठी, शिक्षणासाठी कुटुंबे लेतिसिया किंवा बोगोटा शहरात येतात. तिथे दुकान, दवाखाना, कचेरी सारे स्पॅनिश. आजी विटोटोत विचारते, नातू समजतो आणि उत्तर स्पॅनिशमध्ये देतो. विटोटोंच्या भाषाकुळातली नोनुया ही भाषा तर त्याच्याही पुढे गेली. १९९० नंतरच्या दशकात ती जाणणारे मोजके वृद्ध उरले होते. त्यांचे बोलणे टेपवर घेऊन नोनुया लोकांनी आपल्या मुलांना ते शब्द नव्याने शिकवायला सुरुवात केली. आजीकडून सहज मिळणारी भाषा टेप पुन्हा पुन्हा फिरवून शिकायची, हे किती कठीण आहे ते तुम्हीच पाहा.

ला चोरेरा येथे नदीच्या काठावर आरानाच्या कंपनीचे ते जुने घर अजून उभे आहे. वर गोऱ्या साहेबांच्या खोल्या होत्या आणि खाली माणसे कोंडत असत. २००८ मध्ये सरकारने ते राष्ट्रीय वारसा म्हणून जाहीर केले. पण लोकांनी त्याचे नुसते स्मारक होऊ दिले नाही. त्यांनी तिथे माध्यमिक शाळा भरवली आणि तिला नाव दिले 'ज्ञानाचे घर'. जिथे आजोबांच्या रबराचे वजन होत असे, तिथे आता नातवंडांची हजेरी होते.

शब्दार्थ

दगावणे – मरण पावणे. ढब – तऱ्हा, अंदाज. खोडा – कैद्याचे पाय अडकवण्याचे लाकडी साधन. शाकारणे – छपरावर गवत किंवा पाने घालणे. वाचा फोडणे – दडलेली गोष्ट लोकांपुढे मांडणे. धजणे – धाडस होणे, हिम्मत करणे. ऐकीव – दुसऱ्याकडून ऐकलेले.

स्वाध्याय

१. 'राफुए' केव्हा पुरा झाला असे विटोटो मानतात?
२. 'भाषेचा असाही उपयोग होतो!' हे लेखकाने कशाविषयी म्हटले आहे?
३. 'म्हणे' हा शब्द वापरून तीन वाक्ये लिहा. तीच वाक्ये 'म्हणे' काढून वाचा आणि अर्थात काय फरक पडतो ते सांगा.
४. तुमच्या आजी किंवा आजोबांच्या बोलण्यातले, पण तुम्ही कधीच न वापरलेले पाच शब्द विचारून आणा. ते उर्दूत लिहा आणि त्यांचा अर्थ मराठीत लिहा.